एक तासाची बॅच

आमच्या तालुक्याच्या गावी खाली पिठाची गिरणी आणि वर टायपिंग इन्स्टिट्यूट अशी एक इमारत होती. गिरणीचा पट्टा थांबला की वरचा आवाज थेट एसटी स्टँडपर्यंत यायचा. पंधरा-वीस मशिनांचा खडखडाट, त्यात मधूनच ओळ संपत आल्याची घंटी आणि पाठोपाठ कॅरेज मागे ढकलल्याची करकर. दहावीचा शेवटचा पेपर झाला की निकालापर्यंत काय करायचं, याचं उत्तर निम्म्या गावाकडे तयार असे : टायपिंग लाव. कुणी मिनिटाला तीस शब्दांची थर्टी काढत असे, कुणाची चाळीसची फॉर्टी राहिलेली असे. मीही लावलं. सकाळी सात ते आठची बॅच, रोज एक तास, सहा महिने.

पहिल्याच आठवड्यात मी सरांना विचारलं, "सर, रोज दोन तास बसलो तर तीन महिन्यांत होईल ना?"

सर म्हणाले, "मशिनं कुठायत रिकामी? आठच्या बॅचची पोरं जिन्यात उभी आहेत. ऊठ."

कारण खरं होतं. पण त्या एका तासाच्या नियमात आणखीही काही दडलेलं होतं. ते पुढे फार वर्षांनी वाचनात आलं, आणि तेही इंग्लंडमधल्या पोस्टमनांच्या निमित्तानं.

ब्रिटिश टपाल खात्याला पत्रांची छाननी यंत्रानं करायची होती. त्यासाठी पाकिटावरचा पोस्टकोड पाहून तो कीबोर्डवर टाइप करणारी माणसं हवी होती, म्हणजे हजारो पोस्टमनांना टायपिंग शिकवणं आलं. रोज किती वेळ शिकवावं, हा प्रश्न खात्यानं मानसशास्त्रज्ञांपुढे ठेवला. अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन या दोघांनी पोस्टमनांचे चार गट केले. एका गटाला रोज एकच तास शिकवणी. दुसऱ्याला सलग दोन तास. तिसऱ्यालाही दोनच तास, पण एक-एक तासाच्या दोन बैठकांत. चौथ्याला दोन-दोन तासांच्या दोन बैठका, म्हणजे दिवसाला चार तास. १९७८ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. संपूर्ण कीबोर्ड हातात बसायला रोज एक तासवाल्यांना सुमारे ३५ तास लागले. चार तासवाल्यांना लागले सुमारे ५०. तशीच माणसं, तेच यंत्र, आणि एका दिवसात कोंबलेल्या सरावात पंधरा तास पाण्यात.

गंमत पुढेच आहे. शिकवणीबद्दल सर्वांत नाखूश होता तो हाच, रोज एक तासाचा गट. साहजिक आहे. त्यांचे ३५ तास म्हणजे ३५ दिवस, आणि शेजारचा गट बारा-तेरा दिवसांत कीबोर्ड पाठ करून पुढे गेलेला दिसतोय. सर्वांत कमी श्रमांत शिकणारा माणूस स्वतःला सर्वांत मागे पडलेला समजत होता. सरांना "तीन महिन्यांत होईल ना" विचारणारा मी त्याच गटातला.

तास संपल्यावर, मशिनपासून लांब असतानाही काहीतरी घडत असतं. २००२ साली मॅथ्यू वॉकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये एक साधा प्रयोग केला. चार कळा, चार बोटं, आणि ४-१-३-२-४ हा क्रम जमेल तितक्या वेगानं पुन्हा पुन्हा वाजवायचा. सकाळी शिकून संध्याकाळी परत आलेल्यांचा वेग जवळपास तेवढाच राहिला. रात्री शिकून, झोपून सकाळी आलेल्यांचा वेग एकही जादा सराव न करता सुमारे २० टक्के वाढला होता. आपण पाठांतराच्या बाबतीत 'रात्री वाचलेलं सकाळी पक्कं होतं' म्हणतो. बोटांच्या बाबतीतही ते खरं आहे. चार तास एका दिवशी बसलं तर मध्ये झोप येते एक. चार दिवस एक-एक तास बसलं तर चार. हिशेब काही अवघड नाही.

शिकायचं असतं ते काय, हे आता जवळून पाहू.

इन्स्टिट्यूटमधला पहिला धडा महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्यांना तोंडपाठ आहे : ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. पानभर हेच. अर्थ शून्य. मधल्या ओळीतल्या आठ कळांवर आठ बोटांनी घर करायचं, दोन्ही अंगठे स्पेसबारवर. कुठल्याही कळेसाठी बोट घर सोडून जाईल, काम करील आणि घरी परत येईल. 'परत येईल' हे महत्त्वाचं. नवशिक्याचं बोट वरच्या ओळीत जातं आणि तिथेच पाहुणचार झोडत बसतं. पुढचं अक्षर चुकतं ते तिथे. आजच्या कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर एक बारीक उंचवटा असतो. अनेकांना तो वर्षानुवर्षं वापरूनही ठाऊक नसतो. दोन्ही तर्जन्यांना अंधारात आपलं घर सापडावं म्हणून केलेली ती खूण आहे.

जुन्या मशिनवर बोटांची आणखी एक परीक्षा असे. कळ जितक्या जोरानं दाबाल तितका ठसा गडद. त्यामुळे टाइप केलेलं पान म्हणजे बोटांचा तब्येत-अहवालच. सर कागद खिडकीच्या उजेडात धरायचे. सगळीकडे 'ए' फिकट, कारण तो डाव्या करंगळीचा. 'डी' ठसठशीत, कारण तो मधल्या बोटाचा. आणि 'ओ' इतका जोरात मारलेला, की कागदाला गोल भोक. "करंगळीला घरी जेवायला देत नाहीत का रे?" असं विचारून सर पुढच्या पोराकडे वळायचे. दोन कळा एकदम दाबल्या की आतल्या काड्या एकमेकींत अडकत. त्या बोटानं सोडवायच्या, आणि मग दिवसभर बोटं रिबनच्या शाईनं काळी. घाई केली की मशीन शिक्षा करायचं, तीही ताबडतोब. संगणकाचा कीबोर्ड तसं काही करत नाही. बॅकस्पेस सगळं पोटात घालतं, आणि सवयी बिघडायच्या त्या तिथेच बिघडतात.

न बघता टाइप करणं ही काही टाइपरायटरबरोबर जन्मलेली गोष्ट नव्हे. मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्सनं १८६८ साली पेटंट घेतलं, बंदुका करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीनं त्याच्या यंत्राचं उत्पादन सुरू केलं, ते १८७४ पासून विकलं जाऊ लागलं. त्या पहिल्या यंत्रात काड्या रोलरच्या खालून आपटत, त्यामुळे आपण काय छापलं ते दोन-चार ओळी पुढे गेल्याशिवाय दिसतच नसे. यंत्र आंधळं होतं. माणसं मात्र डोळे फाडून कळा शोधत दोन-दोन बोटांनी काम करत. सगळी बोटं वापरा असं सांगणाऱ्या एक बाई होत्या, सिनसिनाटीत शॉर्टहँड-टायपिंगची शाळा चालवणाऱ्या मार्गारेट लाँगली. त्यांनी १८८२ साली तसे धडेही छापले.

मग २५ जुलै १८८८ ला त्याच सिनसिनाटीत एक सामना झाला. एका बाजूला लुई ट्रॉब, कॅलिग्राफ नावाच्या यंत्रावर. त्यात मोठ्या आणि लहान लिपीच्या कळा वेगवेगळ्या, म्हणजे कळांचं जंगलच, आणि ट्रॉब ते पाहून पाहून चालवणारा. दुसऱ्या बाजूला सॉल्ट लेक सिटीच्या कोर्टातला स्टेनोग्राफर फ्रँक मॅकगरिन. त्यानं कळांचा नकाशा डोक्यात बसवलेला, त्याची नजर सगळा वेळ मजकुरावर. पैज ५०० डॉलर्सची. मॅकगरिन सहज जिंकला, वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली, आणि टायपिंग शिकवण्याची रीत कुठल्या दिशेनं जाणार ते जवळजवळ ठरून गेलं.

मॅकगरिनचा फायदा नेमका कशात होता? बोटं चपळ असण्यात, असं वाटतं खरं. पण खरा फायदा डोळ्यांचा. पडद्यावर एक अक्षर दाखवलं आणि त्यासाठी ठरवून दिलेली कळ दाबा म्हटलं, तर मुरलेल्या टायपिस्टलाही अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तोच टायपिस्ट मजकूर उतरवताना दर कळेला सेकंदाचा पाचवा हिस्साही घेत नाही. हा चमत्कार होतो, कारण बोटं एक अक्षर दाबत असतात तेव्हा डोळे चार-सहा अक्षरं पुढे गेलेले असतात. पुढचा मजकूर झाकून एकेकच अक्षर दिसेल असं केलं तर वेग कोसळतो. टिमथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञानं १९ ते ७२ वर्षांच्या टायपिस्टांवर हे तपासून १९८४ साली मांडलं. वयस्क टायपिस्टांची बोटं एकेकटी तपासली तर हळू, तरीही टायपिंगचा त्यांचा वेग तरुणांइतकाच. कारण त्यांचे डोळे आणखी पुढे धावत होते. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल मांडून बसलेले पांढऱ्या केसांचे टायपिस्ट ज्यांनी पाहिलेत, त्यांना यासाठी प्रयोगाची गरज नाही. खरेदीखत उतरवता उतरवता ते पक्षकाराशी जमिनीच्या भावावर बोलतही असत.

डोळे कीबोर्डवर ठेवणाऱ्याला हे पुढे धावणं जमतच नाही. मजकुरातली जागा सोडायची, कळ शोधायची, परत यायचं, ओळ हुडकायची. बोटांपेक्षा मानच जास्त काम करते.

आता या शिक्षणातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट. व्हँडरबिल्ट विद्यापीठात १०० जणांना एक कोरा कीबोर्ड छापलेला कागद दिला आणि ८० सेकंदांत अक्षरं भरायला सांगितली. ही मंडळी मिनिटाला सरासरी ७२ शब्द टाइप करणारी होती. त्यांना सरासरी १५ अक्षरांच्याच जागा बरोबर सांगता आल्या. रोज हजारो वेळा ज्या कळेवर बोट जातं, ती कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. बोटांना माहीत होतं.

याच विद्यापीठातल्या गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रम्प यांनी २०१० साली आणखी खोडकर प्रयोग केला. टायपिस्टानं बरोबर टाइप केलं की संगणक गुपचूप पडद्यावर चूक घालायचा. आणि खरी चूक झाली की ती गुपचूप दुरुस्त करायचा. विचारलं तर माणसं पडद्यावर विश्वास ठेवत. घुसवलेली चूक आपलीच, दुरुस्त झालेलं बरोबरही आपलंच. पण बोटं फसली नाहीत. खरी चूक झाली की पुढची कळ दाबायला बोट किंचित थबकायचं, पडदा काहीही सांगो. संगणकानं घातलेल्या चुकीवर ते थबकत नसे. म्हणजे टायपिंगचा कारभार दोन मजल्यांवर चालतो. वरचा मजला शब्द ठरवतो, खालचा मजला ते अक्षरांत मोडून बोटांना वाटतो, आणि खालच्या मजल्यावर काय चाललंय याची वरच्याला फारशी खबर नसते. आम्ही याला 'हात बसणे' म्हणतो. हात बसला की डोकं मोकळं होतं.

हा खालचा मजला रोजच्या थोड्या सरावानंच बांधला जातो. आणि बांधकाम चालू असताना मध्येच ते थांबल्यासारखं दिसतं. १८९० च्या दशकात अमेरिकेत विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी तारेचं काम शिकणाऱ्या मुलांचा वेग आठवड्यागणिक मोजला. येणारी तार ऐकून उतरवण्याचा आलेख काही काळ चढायचा, मग आठवडेच्या आठवडे सपाट, आणि मग एकाएकी पुन्हा वर. त्यांचं म्हणणं असं, की आधी मूल एकेक अक्षर ओळखतं, पुढे अख्खा शब्द एका झटक्यात, पुढे शब्दांचे गुच्छ. एक पायरी अंगवळणी पडेपर्यंत वरची दिसत नाही. टायपिंगमध्ये हे अगदी हाताला जाणवतं. कित्येक दिवस 'टी', 'एच', 'ई' अशी तीन अक्षरं मारत होतो, आणि एका सकाळी 'द' हा शब्द आपोआप सांडला, एकाच हालचालीत. सर म्हणाले, "आता स्पीड येईल." कसं कळलं, तर म्हणे आवाज बदलला. टक टक टकच्या जागी तडतड ऐकू आली. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

वेग मोजायची रीत इथेच सांगून टाकतो. पाच ठोके म्हणजे एक शब्द, स्पेस धरून. थर्टी म्हणजे मिनिटाला १५० ठोके, फॉर्टी म्हणजे २००. सरकारी लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० चं प्रमाणपत्र लागतं, आणि ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मशिनं गेली, आता ती संगणकावर होते. गोदरेजनं १९५५ साली भारतात बनवलेला टाइपरायटर आणला होता. त्यांचं ते उत्पादनही बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. ठोक्यांची मोजणी मात्र तीच आहे.

मराठीची गोष्ट वेगळी, आणि मला विचाराल तर इंग्रजीपेक्षा जास्त रंगतदार.

मराठी टाइपरायटरवर अक्षर जसं दिसतं तसं घडवावं लागे. अर्धा स, मग काना, की झाला स. पहिली वेलांटी आधी मारायची, अक्षर मागून. डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमानं हात चाले. ती सवय लागलेले डीटीपीवाले आजही संगणकावर तोच आराखडा घेऊन बसतात, आणि त्यांचा वेग पाहून त्यांना बदला म्हणायची हिंमत होत नाही. पण नव्यानं शिकणाऱ्यानं इनस्क्रिप्ट शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे. हा आराखडा १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं पुढे आणला, आणि विंडोजमध्ये मराठी जोडली की तो मिळतो. लोक तो उघडतात, इंग्रजी 'के' दाबून 'क' आलेला पाहून खूश होतात, 'जी' दाबून 'ग' येत नाही म्हणून वैतागतात आणि बंद करतात. त्याची घडण कुणी त्यांना दाखवलेली नसते.

दाखवतो. स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. उजव्या हाताच्या घरच्या ओळीत प, र, क, त, च, ट. आता वर बघा : प च्या वर ब, क च्या वर ग, त च्या वर द, च च्या वर ज, ट च्या वर ड. शिफ्ट धरली की प चा फ, क चा ख, त चा थ, ब चा भ, ग चा घ. शाळेत आपण घोकलेले वर्गच तिथे उभे करून ठेवलेत. डाव्या हाताच्या घरी ओकाराची, एकाराची मात्रा, हलन्त, पहिली वेलांटी, पहिला उकार. त्यांच्या डोक्यावर त्याच क्रमानं औकार, ऐकार, काना, दुसरी वेलांटी, दुसरा उकार. ऱ्हस्वाच्या डोक्यावर दीर्घ. शिफ्ट धरली की मात्रेचा स्वर होतो. ज्याला बाराखडी येते त्याला हा कीबोर्ड अर्धा आधीच येतो. आणि त्या दोन उंचवट्यांखाली काय आहे, तर डाव्या तर्जनीला पहिली वेलांटी आणि उजव्या तर्जनीला र.

यातून मिळतं काय, ते 'तिकीट' हा शब्द मारून पाहा. त उजवा, वेलांटी डावी, क उजवा, दुसरी वेलांटी डावी, ट उजवा. ढोलकीवर दोन हात पडावेत तसे. एक हात कळ दाबत असतो तेव्हा दुसरा आपल्या कळेकडे निघालेला असतो. वेग येतो तो या उसंतीतून. तेच एका बोटाला लागोपाठ दोन कळा आल्या की ते बोट पळत सुटतं. अमेरिकेत ऑगस्ट ड्वोरॅकनं १९३६ साली इंग्रजीसाठी असाच, स्वर डाव्या हाताच्या घरी ठेवणारा कीबोर्ड केला होता. तो फारसा चालला नाही, कारण तोवर सगळ्यांचे हात जुन्यावर बसलेले. इनस्क्रिप्टही निर्दोष नाही. म, न आणि व डाव्या हाताच्या तळाच्या ओळीत जाऊन बसलेत. त्यामुळे 'काका' म्हणजे उजवा-डावा-उजवा-डावा, पाण्यासारखा. आणि 'मामा' मारायचा तर म ला डावं मधलं बोट, कान्यालाही तेच, परत तेच, परत तेच. काका सोपे, मामा अवघड. माझ्या मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, नेहमीचंच आहे.

जोडाक्षरांना लोक उगाच घाबरतात. पाय मोडायचा आणि पुढचं अक्षर मारायचं. 'प्रत्येक' म्हणजे आठ ठोके, आणि त्यात दोनदा लागणारा हलन्त डाव्या मधल्या बोटाच्या घरातच आहे. तीन-चार आठवड्यांत पाय आपोआप मोडू लागतो.

रोमन लिपीत 'tikit' असं मारून मराठी उमटवण्याची सोय बहुतेकांना जवळची वाटते, आणि फोनवर दोन ओळी पाठवायला ती ठीकच आहे. पण तिथे दर शब्दाला पडद्यावरच्या पर्यायांतून निवड करावी लागते, तिकीट की टिकिट. म्हणजे नजर पुन्हा अडकली. मान वर-खाली करण्याऐवजी डोळे डावी-उजवीकडे, एवढाच फरक.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात २०१६ साली ३० जणांच्या बोटांच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपल्या, तेव्हा कधीही रीतसर न शिकलेले, सहा-सात बोटांनी टाइप करणारे काही जण शिकलेल्यांइतकेच वेगवान निघाले. मात्र ही मंडळी प्रत्येक अक्षर नेहमी त्याच बोटानं मारणारी होती, आणि त्यांचे हात फार हलत नव्हते. फरक राहिला तो नजरेचा. न शिकलेले हातांकडे जवळपास दुप्पट वेळ पाहत होते. तेव्हा तुमच्या सहा बोटांनी छान चालत असेल तर चालू द्या, मी काही मोडता घालणार नाही. पण कागदावरचं पाहून उतरवायचं असेल, किंवा लिहिता लिहिता वाक्याकडे बघत राहायचं असेल, तर न बघता टाइप करण्याला पर्याय मला सापडलेला नाही.

मोठेपणी शिकणाऱ्याची खरी अडचण वेळेची नसते. दोन बोटांनी त्याचा २५ चा वेग असतो, आणि नव्या पद्धतीनं पहिल्या आठवड्यात पडतो आठ-दहा. ऑफिसात साहेब मेलची वाट पाहतोय. दुसऱ्या आठवड्यात माणूस म्हणतो, हे आपल्यानं होणार नाही, आणि परत दोन बोटांवर येतो. बहुतेकांचं शिकणं इथे सुटतं. मी ओळखीतल्यांना सांगतो, की ऑफिसचं काम काही दिवस जुन्याच पद्धतीनं करा, त्याला हात लावू नका. सराव वेगळा, घरी, ठरलेल्या वेळी, अर्धा-पाऊण तास. हातांवर रुमाल टाका. पहिले पंधरा दिवस वेग मोजूच नका, आणि बॅकस्पेसला हात लावू नका. चूक तशीच राहू दे, पान संपल्यावर लाल पेनानं गोल करा. कुठलं बोट चुकतं ते त्या गोलांवरून कळतं. नवी पद्धत जुनीच्या जवळ आली, की एखादा हलका शनिवार पाहून ऑफिसातही बदला.

त्यानंतर वेग अडेल. अँडर्स एरिक्सन यांनी आयुष्यभर निष्णात माणसांचा अभ्यास केला. त्यांनी यावर सुचवलेला उपाय असा, की आपल्या सवयीच्या वेगापेक्षा १० ते २० टक्के जास्त वेगानं थोडा वेळ मारून पाहायचं. चुका होतील, होऊ द्यायच्या. नेमक्या कोणत्या जोड्यांवर हात अडखळतो ते त्या वेळी उघडं पडतं. मग त्या जोड्या वेगळ्या काढून घोटायच्या. इतकी वर्षं रोज टाइप करूनही बहुतेकांचा वेग वाढत का नाही, याचं उत्तर यातच आहे. रोजचं काम आपण सवयीच्या वेगानंच करतो, आणि त्यात हात फक्त फिरतो, शिकत नाही.

परवा पुतण्याचा फोन आला. त्याला मराठी थर्टीची परीक्षा द्यायची आहे, इनस्क्रिप्टवर सराव चाललाय. म्हणाला, "काका, ळ कुठे असतो हो?" मी तोंड उघडलं आणि गप्प झालो. मला आठवेना. त्याला थांब म्हटलं, फोन कानाशी खांद्यानं धरला, जेवणाच्या टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि 'शाळा' मारलं. डावी करंगळी शिफ्टसाठी बाहेर गेली, उजवी तर्जनी खाली डावीकडे उतरली.

"इंग्रजी एन," मी म्हणालो. "शिफ्ट धरून."

"कीबोर्डसमोर बसलायत होय?"

"नाही. टेबलावर ताट आहे."